पाच दिवसांचा शेक घेतला, त्याबद्दल

डाव्या स्तनातली कॅन्सरची गाठ काढल्यावर मी एका रेडिएशन सेंटरमध्ये पाच दिवसांचा शेक, म्हणजे रेडिएशन, घेतला. पाचपैकी चार तारे देतेय. एक का कापला ते पुढे येईलच.

आधी आईचं सांगते, कारण माझी भीती तिथूनच आलेली. तिचा पूर्ण स्तन काढला होता, काखेतल्या ग्रंथीही सगळ्या काढल्या होत्या आणि वर पाच आठवडे रोज शेक. नंतर हात असा सुजला की कपड्यांची एक बाही कायम उसवून मोठी करावी लागायची. माझी फक्त गाठ काढली. काखेतल्या दोनच ग्रंथी निळ्या रंगावरून शोधून तपासल्या, त्या स्वच्छ निघाल्या, बाकीच्यांना हात लावला नाही. माझा हात आज नीट वर जातो.

तरी ‘पाचच दिवस’ ऐकल्यावर पोटात गोळा आला. कमी तर पडणार नाही ना? डॉक्टरांनी न कंटाळता समजावलं. पूर्वी २५ दिवसांत ५० ग्रे (ग्रे म्हणजे किरणांचा डोस मोजायचं माप) देत, मग १५ दिवसांत ४० ग्रेवर आले, आता ५ दिवसांत २६. रोजचा डोस मोठा असतो, पण एकूण कमी. ब्रिटनमध्ये चार हजारांहून जास्त रुग्णांवर हे तपासलं, २०२० मध्ये निकाल आले. पाच वर्षांनंतर त्याच जागी कॅन्सर उलटण्याचं प्रमाण १५ दिवसवाल्यांपेक्षा जास्त नव्हतं.

डावी बाजू म्हणजे हृदय जवळ. म्हणून श्वास रोखून शेक देतात. छाती फुगली की हृदय छातीच्या भिंतीपासून लांब सरकतं. हात डोक्यावर घेऊन पडायचं, टाचणीच्या टोकाएवढ्या गोंदलेल्या ठिपक्यांवर लेझरच्या रेषा जुळवतात आणि सगळे बाहेर जातात. मग माइकवरून आवाज येतो, “ताई, श्वास घ्या… अजून थोडा… धरा.” मी घरी वीस आकडे मोजत सराव केला होता. पहिल्या दिवशी घाबरून तेराव्यालाच सोडला, तर मशीन आपोआप थांबलं. टेक्निशियन मुलगी आत आली, माझा खांदा धरून म्हणाली, “काही बिघडलं नाही, परत करू.” तिच्यासाठीच मी हे लिहायला बसले. शेक लागताना काहीच जाणवत नाही, फक्त घरघर ऐकू येते.

आता कापलेला तारा. शेक संपल्यावर आठव्या दिवशी स्तनाखालची कातडी लाल झाली, इस्त्री टेकवल्यासारखी तापली. थकवा असा की जिना चढवेना. तीनदा फोन केला, “डॉक्टर ओपीडीत आहेत” एवढंच उत्तर. पुढच्या तपासणीला कळलं की कातडीचा त्रास शेक संपल्यावर एक-दोन आठवड्यांनीच जास्त होतो. मग हे आधी का नाही सांगायचं? आईची कातडी पाच आठवडे नर्स रोज बघायची. आमचा त्रास सुरू होतो तेव्हा आम्ही घरी असतो, बघायला कुणीच नसतं. उपचार छोटा केलात, तर पुढचे दोन आठवडे एक फोन तरी तुम्हीच करा.

काखेलाही शेक लागणार असेल तर किती दिवसांचा, ते डॉक्टरांना वेगळं विचारा, माझ्यावरून ठरवू नका. तार नसलेली सुती ब्रा आधीच आणून ठेवा. आणि शेवटच्या दिवशी, कातडी लाल झाली तर कुणाला फोन करायचा तो नंबर लिहून घेतल्याशिवाय निघू नका. मी निघाले होते.