बिल शून्य, मुक्काम अकरा रात्री: इगतपुरीचं विपश्यना शिबिर

इगतपुरीच्या धम्मगिरी या विपश्यना ध्यानाच्या केंद्राला फोन करणाऱ्याचा पहिला प्रश्न बहुधा 'किती पैसे भरायचे?' हाच असतो. राहणं, जेवण, शिकवणं, कशाचेच पैसे नाहीत. आगाऊ देतो म्हटलं तरी घेत नाहीत. ज्याने किमान एक दहा दिवसांचं शिबिर पूर्ण केलंय त्याच्याकडूनच दान घ्यायचं, असा नियम आहे. त्यामुळे नवा साधक सगळे दिवस कुणा अनोळखी माणसाच्या ताटातलं खातो. आचार्यांना मानधन नाही, साधकांची व्यवस्था बघणाऱ्या धम्मसेवकांना पगार नाही. ध्यानाच्या तंत्राबद्दल लोक तासन्‌तास बोलतात, पण या शिबिराचं खरं वेगळेपण या व्यवहारात आहे. पैसे मोजले की माणूस गिऱ्हाईक होतो आणि भाजीत मीठ कमी पडलं तरी तक्रार करतो. इथे ती सोयच उरत नाही.

ही शिबिरं सुरू करणारे सत्यनारायण गोएंका (१९२४–२०१३) हे म्यानमारमधल्या मंडालेत जन्मलेले व्यापारी. अर्धशिशीवर उपाय शोधता शोधता ते तिथले विपश्यनेचे आचार्य सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे पोचले, १९६९ साली भारतात आले, आणि १९७६ पासून इगतपुरीत शिबिरं चालू झाली. आजही सूचना आणि रोजचं प्रवचन त्यांच्याच ध्वनिमुद्रित आवाजात असतं. समोर बसलेले सहायक आचार्य शंकांपुरतं बोलतात. जिवंत गुरू, सत्संग, पाठीवरून फिरणारा हात अशी अपेक्षा असेल तर निराशा ठरलेली.

घंटा पहाटे ४ वाजता. ४:३० ते ६:३० बैठक, मग नाश्ता. ८ ते ९, २:३० ते ३:३० आणि ६ ते ७ या तीन सामूहिक बैठका चुकवता येत नाहीत. बाकीचा वेळ हॉलमध्ये किंवा खोलीत. ११ वाजता जेवण, ५ वाजता चहा किंवा दूध आणि चुरमुरे, फळ. जुन्या साधकांना त्या वेळी फक्त लिंबूपाणी. सात वाजता प्रवचन, साडेनऊला दिवे बंद. बेरीज केली तर साधारण साडेदहा तास बसणं होतं. फोन, पुस्तक, वही, पेन सगळं आधीच जमा. आर्य मौन म्हणजे नुसतं तोंड बंद ठेवणं नाही. खाणाखुणा आणि नजरानजरही नको. मात्र पाणी संपलं, पंखा बिघडला तर धम्मसेवकाशी, आणि साधनेबद्दल आचार्यांशी बोलायला मुभा आहे. पुष्कळ लोक हे विसरतात आणि घोंगडी कमी पडली म्हणून चार रात्री कुडकुडतात.

पहिले साडेतीन दिवस आनापान: नाकाशी येणारा-जाणारा श्वास नुसता बघायचा. लांब करायचा नाही, मोजायचा नाही, सोबत नामजप करायचा नाही. लक्ष देण्याची जागा रोज लहान होत जाते. शेवटी नाकपुडीखालची, वरच्या ओठावरची टीचभरही नसलेली जागा उरते. चौथ्या दिवशी दुपारी विपश्यना दिली जाते. डोक्यापासून पायापर्यंत क्रमाने मन फिरवायचं, संवेदना जशी असेल तशी बघायची, बरी म्हणून धरायची नाही की वाईट म्हणून ढकलायची नाही. इथे हमखास होणारी चूक अशी: कुणाला एखाद्या बैठकीत अंगभर मुंग्या आल्यासारखं छान वाटतं, आणि पुढचे दोन दिवस तो तेच परत शोधत बसतो. मग अंग दगड झाल्यासारखं वाटतं आणि 'मला जमत नाही' सुरू होतं. जमत असतं. फक्त हवं-नकोच्या खेळात माणूस पुन्हा सापडलेला असतो.

आत्मविश्वासाचा कस लागतो तो अधिष्ठानाच्या बैठकांत. विपश्यना मिळाल्यानंतर तिन्ही सामूहिक बैठकांत तासभर डोळे उघडायचे नाहीत, हात-पाय हलवायचे नाहीत. गुडघे सगळ्यांचेच दुखतात, पण निम्मं दुखणं आसनाच्या चुकीने ओढवून घेतलेलं असतं. पद्मासनाचा हट्ट नको, साधी मांडी पुरे. बैठक इतकी उंच करा की गुडघे कमरेच्या खाली जातील. त्यासाठी जादा उशी मागून घ्या. पहिल्या तीन दिवसांतच उंची ठरवून टाका, नंतर रोज बदलत बसू नका. पाठीचं किंवा गुडघ्याचं खरं दुखणं असेल तर खुर्ची मिळते, फक्त ते अर्जात लिहा. आणि तास मोडला तर मोडला. पुढच्या बैठकीला पाच मिनिटं जास्त टिकणं हीच इथली प्रगती.

श्रद्धेबद्दल मात्र जाहिरात आणि वस्तुस्थिती यांत थोडं अंतर आहे. 'हा कुठलाही संप्रदाय नाही' असं सांगितलं जातं, आणि धर्मांतर वगैरे काही नसतं हे खरं. पण सुरुवातीला त्रिशरण (बुद्ध, धम्म, संघ यांना शरण जाणं) आणि पंचशील (वागण्याचे पाच नियम) घ्यावं लागतं, पालीत पठण ऐकू येतं, 'भवतु सब्ब मंगलं'ला 'साधु, साधु, साधु' म्हटलं जातं. प्रवचनांत पुनर्जन्माचा विषयही येतो. कट्टर नास्तिकाला हे खटकेल. वारकरी माळकऱ्यालाही दहा दिवस हरिपाठ आणि माळ बाजूला ठेवणं जड जाईल, कारण दुसरी कुठलीच उपासना चालत नाही. आमच्या मते इथे लागणारी श्रद्धा वैद्याच्या औषधावर असते तेवढीच: दहा दिवस पथ्य पाळतो, मग बघू. तेवढीही नसेल तर जाऊ नका, दुसऱ्या दिवशीच बॅग भरावीशी वाटेल. दुसरा आणि सहावा दिवस सगळ्यात अवघड, हे प्रवचनांतूनच सांगितलं जातं.

मानसिक आजार असेल, औषधं चालू असतील तर अर्जात लपवू नका. इतके तास मौनात बसून काहींचा त्रास वाढतो, आणि इथे मनोरुग्णांची देखभाल करण्याची व्यवस्था नाही. अशा वेळी आधी डॉक्टरांचा सल्ला.

जेवण साधं, शाकाहारी. अकराच्या जेवणात 'संध्याकाळी मिळणार नाही' या भीतीने दोन पोळ्या जास्त घेतल्या की एक ते अडीचची बैठक पेंगण्यात जाते. पाणी भरपूर प्या. बसून राहणं आणि कमी पाणी यांमुळे तिसऱ्या दिवशी पोट हटून बसतं.

सामानात सैल कपडे, शाल, टॉर्च, साधं गजराचं घड्याळ, नेहमीची औषधं. इगतपुरी थळ घाटाच्या माथ्यावर आहे. जून ते सप्टेंबर छत्रीशिवाय खोलीतून हॉलपर्यंतही जाता येत नाही आणि कपडे वाळत नाहीत, म्हणून दोन जोड जास्त न्या. डिसेंबर-जानेवारीत पहाटे स्वेटर आणि कानटोपी हवीच. मुंबईहून थेट गाडी मिळाली नाही तर कसाऱ्यापर्यंत लोकल आणि पुढे घाट चढणारी जीप.

दहाव्या दिवशी सकाळी मंगल मैत्री, म्हणजे सगळ्यांचं भलं चिंतणारं ध्यान, शिकवतात आणि मौन सुटतं. दानाचं टेबलही तेव्हाच लागतं. आकडा कुणी सुचवत नाही, न देता गेलात तरी कुणी विचारत नाही. 'माझा खर्च किती झाला' याचा हिशेब इथे चुकीचा ठरतो, कारण तो आधीच कुणीतरी भरलेला आहे. तुम्ही देता ते पुढच्या अनोळखी माणसाच्या जेवणासाठी.

घरी आल्यावर सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसा, असं सांगितलं जातं. महिन्याभरात बहुतेकांचं ते सुटतं, आणि शिबिराचा कमकुवत दुवा हाच आहे. म्हणून 'आयुष्याचं काय करायचं' हा प्रश्न घेऊन जाणाऱ्यांना आमचा सल्ला एका शिबिरावर थांबू नका असा आहे. दुसऱ्यांदा सेवेला जा. एक शिबिर पूर्ण केलेल्या कुणालाही अर्ज करता येतो. जेवण वाढायचं, हॉल झाडायचा, उशिरा उठणाऱ्याचं दार वाजवायचं, तिन्ही सामूहिक बैठकांना स्वतःही बसायचं. पहाटे चारची घंटा ऐन झोपेत वाजवणाऱ्यावर पहिल्या शिबिरात प्रत्येक जण मनातल्या मनात चिडलेला असतो. सेवेला गेलात तर ती घंटा तुमच्या हातात येते, आणि त्यासाठी चारच्या आधी उठावं लागतं.