जुन्या गाडीचे मिसिंग आणि ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर

डॅशबोर्डखालच्या १६ पिनांच्या सॉकेटमध्ये खोचायचा आणि ब्लूटूथने मोबाइलला जोडायचा ओबीडी स्कॅनर, म्हणजे इंजिनाच्या संगणकातली माहिती वाचणारे उपकरण, आता सर्रास मिळतो. स्वस्तातल्या बहुतेक स्कॅनरांच्या आत गाडीच्या संगणकाशी बोलणाऱ्या ईएलएम३२७ या चिपची नक्कल असते आणि मी वापरत असलेला स्कॅनरही त्याच जातीचा आहे. चार सिलिंडरची जुनी पेट्रोल गाडी उभ्या जागी थरथरत असेल, आयडलिंगला, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर न दाबता इंजिन नुसते चालू असताना, मिसिंग मारत (मधेमधे ज्वलन चुकवत) असेल आणि वेग घेतल्यावर मात्र बऱ्यापैकी सुरळीत चालत असेल, तर तिचा दोष शोधायला या वस्तूचा कितपत उपयोग होतो, एवढाच प्रश्न या परीक्षणात घेतला आहे. उपयोग निश्चित होतो. पण लोक तो ज्या कामासाठी विकत घेतात, त्या दोषांचे कोड वाचण्याच्या कामापेक्षा चालू इंजिनाचे आकडे दाखवण्यात त्याचे मोल अधिक आहे, असे माझे मत झाले.

आमच्या गाडीत चेक इंजिनचा दिवा लागलेला होता आणि स्कॅनरने पी०३०० व पी०१७१ असे दोन कोड दाखवले. पहिल्याचा अर्थ असा की कोणत्याही एका ठरावीक सिलिंडरमध्ये नव्हे, तर अनियमितपणे इकडेतिकडे ज्वलन चुकत आहे, म्हणजे मिसफायर होत आहे. दुसऱ्याचा अर्थ असा की मिश्रण लीन आहे, म्हणजे पेट्रोलच्या मानाने हवा जास्त आहे. दुसऱ्या कोडखाली अ‍ॅपने एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर बदलण्याचा सल्ला दिला होता, आणि तो वाचून किती धडधाकट सेन्सर बदलले गेले असतील कोण जाणे. सेन्सर बिचारा त्याला जे आढळते तेच सांगत असतो. कोड लक्षणाचे नाव देतो, बिघडलेल्या भागाचे नाही. शिवाय हे दोन कोड एकमेकांत गुंततात. मिश्रण फार लीन झाले तर ते नीट पेटत नाही. उलट ठिणगीच पडली नाही तर त्या सिलिंडरमधला न वापरलेला ऑक्सिजन तसाच एक्झॉस्टमध्ये जातो, सेन्सरला तो जादा हवेसारखा भासतो आणि इंजिनाचा संगणक विनाकारण पेट्रोल वाढवू लागतो. यांतले कारण कोणते आणि परिणाम कोणता, हे नुसत्या कोडवरून ठरत नाही.

ते ठरवायला फ्युएल ट्रिम हा आकडा लागतो. संगणक ठरलेल्या हिशेबापेक्षा किती टक्के पेट्रोल वाढवतो किंवा घटवतो, हे त्यातून कळते. त्यात क्षणोक्षणी बदलणारा शॉर्ट टर्म आणि हळूहळू शिकलेला लाँग टर्म असे दोन भाग असतात, आणि पाहायची ती दोन्हींची बेरीज. ती ढोबळमानाने उणे १० ते अधिक १० टक्क्यांच्या आत राहिली तर काळजीचे कारण नसते. आमच्या गाडीत इंजिन पूर्ण तापल्यानंतर आयडलिंगला ती अधिक २५ च्या आसपास होती आणि २५०० आरपीएमवर धरल्यावर अधिक ५ पर्यंत उतरली. शोधाची दिशा या उताराने दिली. सिलिंडरांना हवा पुरवणाऱ्या इनटेक मॅनिफोल्डला किंवा त्याला जोडलेल्या नळीला चीर असेल, तर आयडलिंगच्या वेळी, म्हणजे थ्रॉटल (हवेची झडप) जवळजवळ मिटलेला आणि आतला व्हॅक्यूम जोरदार असताना, चोरवाटेने येणारी हवा एकूण हवेच्या मानाने बरीच असते. थ्रॉटल उघडला की मोजून आत येणारी हवा इतकी वाढते की तीच गळती किरकोळ ठरते. याउलट आयडलिंगला सारे ठीक असून जोर लावल्यावर ट्रिम चढत गेली, तर पेट्रोल पंप, फिल्टर किंवा मळलेला एअर फ्लो सेन्सर यांचा संशय घ्यावा. हा नमुना मुख्यतः हवेचा प्रवाह थेट मोजणाऱ्या गाड्यांचा आहे. मॅनिफोल्डमधला दाब मोजून हवेचा अंदाज बांधणाऱ्या गाड्यांमध्ये गळतीची हवाही त्या दाबात धरली जाते, त्यामुळे तिथे ट्रिमपेक्षा आयडलिंगचा वाढलेला आरपीएम अधिक बोलका असतो.

आमच्या बाबतीत क्रँककेसमधल्या (इंजिनाच्या खालच्या भागातल्या) वाफा इनटेककडे नेणारी रबरी नळी वळणाच्या खालच्या बाजूने चिरली होती. वरून पाहणाऱ्याला ती शाबूत दिसे, आणि ट्रिमचा आकडा समोर नसता तर तिला हात लावण्याचे काही कारणच नव्हते. नळी बदलल्यावर बेरीज शून्याजवळ आली आणि थरथर बरीचशी गेली, पण पूर्ण गेली नाही. पुढे दिवा पुन्हा लागला तेव्हा कोड पी०३०३ होता, म्हणजे दोष आता फक्त तिसऱ्या सिलिंडरपुरता उरला होता. प्रत्येक सिलिंडरला ठिणगीची वीज पुरवणारी स्वतंत्र कॉइल असल्यामुळे तिसऱ्याची कॉइल दुसऱ्यावर आणि दुसऱ्याची तिसऱ्यावर लावून पाहता आली. कोड जागचा हलला नाही, याचा अर्थ कॉइल निर्दोष होती. मग तसेच प्लग अदलाबदल केले आणि पी०३०२ आला. काढलेल्या प्लगच्या चिनी मातीला केसाएवढी भेग होती. एक कॉइल दोन सिलिंडरांना ठिणगी देते अशा जुन्या गाड्यांमध्ये कॉइलची ही युक्ती इतकी सरळ चालत नाही, हे ध्यानात ठेवावे. निदानाचा हा भाग पान्याने होतो. स्कॅनरने फक्त प्रत्येक अदलाबदलीचा निकाल सांगितला, पण तो निकाल नसता तर कॉइल आणि प्लगचे अख्खे संच बदलण्याखेरीज गत्यंतर नव्हते.

आता वस्तूचे दोष. पहिला आणि त्रासदायक दोष संथपणाचा, जरी त्याची जबाबदारी अर्धी जुन्या गाडीवर जाते. नव्या गाड्या स्कॅनरशी कॅन या वेगवान पद्धतीने बोलतात. जुन्या अनेक गाड्यांमध्ये सेकंदाला जेमतेम १०.४ किलोबिट वेगाची के-लाइन ही जुनी पद्धत असते, आणि स्कॅनर एकेका आकड्याची विचारणा पाळीपाळीने करतो. पडद्यावर सहा-सात आकडे एकदम मांडले तर प्रत्येकाची पाळी इतक्या उशिरा येते की ०.१ ते ०.९ व्होल्टच्या दरम्यान भराभर वरखाली होणाऱ्या ऑक्सिजन सेन्सरचा आलेख निरर्थक होतो. एका वेळी दोनच आकडे ठेवावेत, म्हणजे आलेख वाचण्याजोगा राहतो. दुसरी तक्रार अशी की हा स्कॅनर स्वतःची आवृत्ती २.१ असल्याचे सांगतो, पण त्या आवृत्तीच्या मूळ चिपला कळणाऱ्या काही आज्ञा त्याला कळत नाहीत. असे होणे नकलांच्या बाबतीत नेहमीचे आहे आणि वेष्टनावरच्या आवृत्तीवर विसंबू नये. स्टार्टर मारताना व्होल्टेज पडले की जोडणी तुटते, तीही दर वेळी नव्याने जुळवावी लागते. एबीएस आणि एअरबॅगचे कोड तो वाचत नाही; पी१ ने सुरू होणारे, उत्पादकाने स्वतः ठरवलेले कोड वाचतो, पण त्यांचा अर्थ बहुधा सांगू शकत नाही.

याहून महत्त्वाचे म्हणजे, सेन्सर नसलेल्या जागी काय चालले आहे हे कोणताही स्कॅनर सांगणार नाही. व्हॉल्व्ह नीट बसत नसेल, टॅपेट घट्ट झाले असतील किंवा हेड गॅस्केट दोन सिलिंडरांमध्ये फुटले असेल, तर त्यालाही फक्त मिसफायरचेच कोड दिसतील, आणि तिथे सिलिंडरमधला दाब मोजणारा कॉम्प्रेशन गेज लावल्याशिवाय इलाज नाही. इंजिन ज्यावर टेकलेले असते त्या माउंटिंगचे रबर बसले असेल तर स्कॅनर उलट बाजूने उपयोगी पडतो: आरपीएम स्थिर, ट्रिम शून्याजवळ, मिसफायरचा कोड नाही, आणि तरी गाडी थरथरते आहे, असे चित्र दिसले की प्लग आणि इंजेक्टरांवर खर्च करण्यापूर्वी माउंटिंग तपासून घ्यावीत.

विकत घेण्याआधी आपल्या गाडीत काय आहे ते पाहणे आवश्यक आहे. अमेरिकेत ओबीडीची ही १६ पिनांची पद्धत १९९६ पासून आणि युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१ पासून बंधनकारक झाली; इतरत्र ती वेगवेगळ्या वेळी आली, त्यामुळे नुसते सॉकेट दिसले म्हणून जोडणी होईलच असे नाही. सॉकेटमध्ये ६ आणि १४ क्रमांकांच्या जागी धातूचे संपर्क असतील तर कॅनची शक्यता आहे. ते नसून ७ व्या जागी असेल तर बहुधा संथ के-लाइन. आयफोन असणाऱ्यांनी जुन्या ब्लूटूथचा स्कॅनर घेऊ नये, त्यांना ब्लूटूथ एलई किंवा वाय-फायचा लागतो. गाडी बंद असतानाही सॉकेटच्या १६ व्या पिनेला बॅटरीचा पुरवठा चालूच असतो, म्हणून काम झाले की स्कॅनर काढून ठेवणे बरे.

अ‍ॅपच्या पहिल्याच पानावर कोड पुसण्याचे बटण मोठ्या अक्षरांत दिले आहे आणि माझा सर्वांत मोठा आक्षेप त्यालाच आहे. ते दाबले की दिवा विझतो, पण त्यासोबत कोड पडला त्या क्षणीचा वेग, तापमान आणि ट्रिम यांची साठवलेली नोंद, म्हणजे फ्रीझ फ्रेम, पुसली जाते. अनेक गाड्यांमध्ये संगणकाने शिकलेली लाँग टर्म ट्रिमही जाते, आणि अंतर्गत चाचण्या पुन्हा पूर्ण होईपर्यंत गाडी उत्सर्जन तपासणीला अपात्र ठरू शकते. दिवा नुसता लागलेला नसून लुकलुकत असेल, तर मिसफायर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (एक्झॉस्टमधला धूर शुद्ध करणारा भाग) खराब करण्याइतपत गंभीर आहे. अशा वेळी गाडी पुढे दामटू नये आणि त्या बटणाला तर हातही लावू नये. फ्रीझ फ्रेमचे आणि आयडलिंग व २५०० आरपीएम या दोन्हींवरच्या ट्रिमचे स्क्रीनशॉट काढून ते गाडीसोबत मेकॅनिककडे द्यावेत.