मालदांडी की हायब्रीड ज्वारी?

मालदांडी, म्हणजे एम ३५-१, मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलेला वाण. सोलापूर-मंगळवेढ्याच्या खोल काळ्या रानात रब्बीला ती जमिनीतल्या ओलीवरच येते. दाणा मोत्यासारखा, भाकरी मऊ. ताटं उंच, कडबा भरपूर. दावणीला जनावरं असतील तर हे विसरून चालत नाही.

आपल्याकडे हायब्रीडची सुरुवात १९६४ च्या सीएसएच-१ या संकरित वाणापासून. बुटकी, लवकर येणारी, खरिपात उताऱ्याला सरस. पण दाणे भरताना पाऊस लागला की कणसं बुरशीने काळी पडतात आणि भाव पडतो. शिवाय बियाणं दर हंगामाला विकत; मालदांडीचं घरचं चालतं.

नुसती पोती मोजायची असतील तर हायब्रीड बरी. माझं मत मालदांडीला, पण हलक्या मुरमाड रानात तिचा हट्ट नको.