रोटरी कटर, मॅट आणि रूलर: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

45 मिलिमीटरच्या गोल, फिरत्या पात्याचा रोटरी कटर, 24 × 18 इंचांची कटिंग मॅट आणि 6 × 24 इंचांचा पारदर्शक ॲक्रिलिक रूलर असा तीन वस्तूंचा संच घेऊन मला नऊ महिने झाले. या काळात पांघरण्याएवढा एक क्विल्ट (तुकडे जोडून शिवलेली गोधडी), लहान बाळांसाठीचे दोन, एक टेबल रनर आणि अजून अर्धवट असलेला आणखी एक क्विल्ट एवढे काम त्यावर झाले आहे. नोकरी सांभाळून संध्याकाळी तासभर आणि सुट्टीच्या दिवशी थोडे जास्त, अशा बेताने मी शिवते. दिवसभर कापड कापणाऱ्यांना यातल्या काही गोष्टी वेगळ्या वाटू शकतील. संच निवडताना मी कटरची मूठ हातात धरून पाहण्यात बराच वेळ घालवला, आणि मॅट व रूलर सोबत येतात म्हणून घरी आणले. आज विचाराल तर या तिघांत सर्वांत कमी विचार करून घेण्यासारखी वस्तू कटर हीच आहे, आणि रूलर मात्र दहा वेळा पारखून घ्यावा, असे मी सांगेन.

त्याआधी माझी पद्धत पुठ्ठ्याचा चौकोन, पेन्सिल आणि कात्री अशी होती. पुठ्ठ्याभोवती पेन्सिल फिरवायची, रेघेवरून कापायचे आणि पुढचा चौकोन आखायचा. या पद्धतीत तीन ठिकाणी चूक शिरते. पुठ्ठ्याच्या कडा झिजतात, पेन्सिलीच्या रेघेला स्वतःची जाडी असते, आणि कात्रीचे खालचे पाते कापड किंचित उचलूनच पुढे सरकते. प्रत्येक चूक केसाएवढी असली तरी ती प्रत्येक तुकड्यात असते. कापलेले चौकोन ढिगात सारखेच दिसत आणि शिवायला बसले की कोपरे जुळत नसत. दोष माझ्या शिवणीत आहे अशा समजुतीने मी वर्षभर पाव इंचाच्या मायेचा (शिवणीबाहेर सोडायच्या कापडाचा) सराव करत राहिले. माया ठीकच होती. तुकडेच वाकडे होते.

संचावरचे पहिले काम म्हणून मी साधा नाइन-पॅच, म्हणजे नऊ लहान चौकोन जोडून केलेला चौकोनी ब्लॉक, निवडला. 7 × 9 अशा मांडणीत 63 ब्लॉक, शिवून झाल्यावर प्रत्येकी 6 इंचांचे, म्हणजे किनारीशिवाय 42 × 54 इंच. त्यात 32 नाइन-पॅच आणि 31 कोरे ब्लॉक, आणि नाइन-पॅचसाठी अडीच इंचांचे 288 चौकोन. जुन्या पद्धतीने हे 288 चौकोन एकेक करून आखावे लागले असते. कटर आणि रूलर असल्यावर चौकोन कापायचेच नसतात. कापडाच्या पूर्ण रुंदीच्या अडीच इंची 18 पट्ट्या कापायच्या, तीन-तीन जोडून सहा संच शिवायचे आणि ते संच आडवे, पुन्हा अडीच-अडीच इंचांवर कापायचे. काठ काढून 42 इंच कापड हाती लागले तर एका संचातून 16 तुकडे निघतात, म्हणजे सहा संचांतून 96, आणि तेवढेच हवे असतात. सुट्टीच्या एका सकाळी पट्ट्या कापून झाल्या, तेव्हा मला आनंदापेक्षा वर्षभराच्या पेन्सिलींचा राग अधिक आला.

वेग हा मात्र या संचाचा दुय्यम गुण आहे. या क्विल्टच्या एका ओळीत चार नाइन-पॅच आणि तीन कोरे ब्लॉक, म्हणजे आडवे 15 तुकडे येतात. प्रत्येक तुकडा एकाच दिशेने इंचाच्या सोळाव्या भागाने चुकला, तर ओळ जवळजवळ एका इंचाने चुकते. खालच्या ओळीत 13 तुकडे असतात, त्यामुळे ती वेगळ्या मापाने चुकते, आणि दोन ओळी जोडताना कापड ओढून-ताणून बसवावे लागते. माझ्या या क्विल्टमध्ये ओळींतला सर्वांत मोठा फरक इंचाच्या आठव्या भागाहून कमी होता आणि तो इस्त्रीखाली मिटला. शिवणी आलटून-पालटून विरुद्ध बाजूंना दाबल्यामुळे कोपरे एकमेकांत अडकून बसले आणि टाचण्याही कमी लागल्या.

आता तक्रारी. पहिली मी स्वतःच ओढवून घेतलेली होती. पहिल्या आठवड्यात पट्ट्या उलगडल्यावर मधोमध, घडीच्या जागी, कोपरात वाकलेल्या हातासारख्या दिसत होत्या. मी कटरला दोष दिला आणि पातेही बदलले. कारण निघाले घडीचे. कापड दुहेरी घालून कापताना रूलर घडीशी अचूक काटकोनात नसेल, तर प्रत्येक पट्टीला घडीजवळ बाक येतो. रूलरची आडवी रेघ घडीवर बसवून आधी कापडाची कड सरळ करावी लागते आणि दर चार-पाच पट्ट्यांनंतर ती पुन्हा तपासावी लागते, कारण घडी नकळत सरकते. कापडाला हलकी खळ देऊन इस्त्री केली तर हे सरकणे बरेच कमी होते. संचासोबत आलेल्या माहितीपत्रकात यातले एक अक्षरही नव्हते. पाते कसे बदलावे एवढेच चार चित्रांत दाखवले होते.

दुसरी तक्रार खरोखर वस्तूबद्दलची आहे. मॅटवर छापलेल्या चौकटी आणि रूलरच्या खुणा एकमेकींशी जुळत नाहीत. वीस इंचांच्या अंतरात दोन्हींत जवळजवळ मिलिमीटरभर फरक पडतो. एकाच कंपनीने, एकाच पेटीत घालून विकलेल्या दोन वस्तूंची मापे जुळत नसावीत, ही गोष्ट मला अजूनही पटत नाही. उपाय सोपा आहे, पण तो माहीत असावा लागतो. माप नेहमी रूलरवर घ्यायचे, मॅटवरच्या रेघा केवळ कापड सरळ पसरण्यापुरत्या समजायच्या, आणि एका क्विल्टसाठी पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच रूलर वापरायचा. पुढे मी साडेसहा इंचांचा चौकोनी रूलर वेगळा घेतला, तेव्हा दोन्ही रूलर एकमेकांवर ठेवून खुणा जुळतात की नाही हे आधी पाहिले. रेघेची जाडी हाही एक प्रश्न आहे. कापडाची कड रेघेच्या आत धरायची, रेघेवर, की बाहेर, हे एकदा ठरवून तेच पाळले तर निम्मा घोळ संपतो.

रूलरच्या मागचे गणितही इथेच सांगते. चौकोन शिवायचा असेल तर तयार मापात अर्धा इंच मिळवून कापायचा, हे सर्वांना ठाऊक असते. दोन त्रिकोण जोडून चौकोन करायचा असेल तर मात्र 7/8 इंच मिळवावे लागते, आणि हा आकडा कुठून येतो हे मला बरेच दिवस कळत नव्हते. त्रिकोणाच्या तिन्ही बाजूंना पाव इंचाची माया हवी असते. तिरक्या बाजूची माया सरळ बाजूंवर √2 पटीने उतरते, म्हणून वाढीव माप पाव इंच गुणिले (2 + √2), म्हणजे 0.854 इंच येते. रूलरवर ते 0.875, म्हणजे 7/8 असे धरतात. व्यवहारात मी पूर्ण एक इंच मिळवते, शिवून घेते आणि चौकोनी रूलरची कर्णरेषा शिवणीवर बसवून चारही बाजू छाटते. कापड थोडे वाया जाते, पण उरेब (तिरकी कापलेली) बाजू ताणली गेल्याने तुकड्याला आलेला तिरकेपणा त्या छाटणीत निघून जातो. माझ्यासारख्या कमी सरावाच्या माणसाला हाच रस्ता बरा.

कटरच्या कामाबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. त्याचे पाते कापते, आणि धार असेपर्यंत छान कापते. अशा प्रकारचा पहिला कटर ओल्फा या जपानी कंपनीने 1979 मध्ये बाजारात आणला. माझा त्या कंपनीचा नाही, पण रचना साधारण तीच आहे: मूठ, गोल पाते, स्क्रू, वॉशर आणि पाते झाकणारे कवच. स्क्रू फार आवळला तर पाते फिरत नाही आणि एकाच जागी झिजते. ढिला राहिला तर कापताना ते डुलते. सुती कापडाचे चार थर हे पाते सहज कापते, सहा थरांना हाताचा जोर लागतो, आणि त्यापुढे वरचा व खालचा थर एका मापाचे राहत नाहीत. वरचे कापड, बॅटिंग (मधला मऊ थर) आणि अस्तर मिळून तयार झालेल्या क्विल्टच्या कडा छाटताना 45 मिलिमीटरचे पाते अपुरे वाटले. त्या कामाला 60 चे पाते असते.

पात्यांचा खर्च मात्र घेताना लक्षात आला नव्हता. नऊ महिन्यांत सहा पाती लागली, आणि त्यांतली दोन निव्वळ माझ्या हलगर्जीपणामुळे, टाचणीवरून फिरवल्याने गेली. पात्याला खाच पडली की एक गंमत दिसते. कापलेल्या रेघेवर दर 14 सेंटिमीटरला एखादा धागा न कापता राहतो, कारण 45 मिलिमीटर व्यासाच्या पात्याचा परीघ तेवढाच भरतो. असे ठराविक अंतराने सुटलेले धागे दिसले तर पाते खाचले आहे. धागे सगळीकडे सुटत असतील तर पाते बोथट झाले आहे, किंवा मॅटमध्ये खोबण पडली आहे. ॲल्युमिनियमच्या कागदावर पाते फिरवून धार येते असे ऐकून तेही करून पाहिले. बोथट पात्यावर दोन दिवस फरक वाटला, खाचेवर काहीही झाला नाही. जुनी पाती टेप गुंडाळून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवते; उघडे पाते कचऱ्यात टाकणे म्हणजे कुणाचा तरी हात कापणे.

आणि हात माझाही कापला आहे. चौथ्या महिन्यात, दिवसाच्या शेवटी, डाव्या हाताच्या तर्जनीचे टोक रूलरच्या कडेबाहेर आले होते आणि पाते त्यावरून गेले. जखम खोल नव्हती, पण तीन आठवडे सुई धरणे जमले नाही. त्या कटरचे कवच हाताने बंद करावे लागत असे आणि मी ते दहातल्या तीन वेळा विसरत असे. त्यानंतर मूठ दाबली तरच पाते उघडणारा आणि सोडताच झाकणारा कटर घेतला. मूळ कटरमध्ये हीच माझी सर्वांत मोठी नापसंती आहे. इतक्या धारदार वस्तूची सुरक्षितता थकलेल्या माणसाच्या स्मरणशक्तीवर सोपवू नये. रूलर घसरू नये म्हणून त्याच्या पाठीला खरखरीत ठिपके चिकटवले आहेत, आणि 24 इंच एका दमात न कापता मध्ये थांबून, पाते न उचलता, डावा हात पुढे सरकवते.

मॅटवर 'स्वतः भरून येणारी' असे लिहिले असते. ते अर्धे खरे आहे. मऊ पीव्हीसी पात्याला वाट देते आणि पुन्हा मिटते, पण एकाच रेघेवर शेकडो वेळा कापले की ती जागा उघडी राहते. म्हणून मी दर पंधरवड्याला मॅट फिरवून ठेवते. बॅटिंग छाटले की त्याचा भुगा चिरांत शिरतो. तो ब्रशने आणि कोमट साबणाच्या पाण्याने निघतो. उन्हाच्या खिडकीजवळ भिंतीला टेकवून ठेवलेली मॅट दोन दिवसांत कोपऱ्याशी वाकली. सपाट पसरून आठवडाभर जड पुस्तके ठेवली तेव्हा ती बरीचशी सरळ झाली, पूर्ण नाही. तिच्यावर इस्त्री टेकवण्याचा विचारही करू नये.

सध्याचा अर्धवट क्विल्ट षट्कोनांचा आहे, कागदाच्या साच्यांवर कापड गुंडाळून हाताने शिवायचा. त्याचे तुकडे बारीक आहेत आणि माया पाव इंचापेक्षा थोडी जास्त असली तरी चालते, त्यामुळे गेले पाच आठवडे मॅट पलंगाखाली आडवी आहे आणि जुनी कात्री पुन्हा टेबलावर आली आहे.