रेडक्रॉस धर्तीचा निवारा संच: जागृतीच्या रात्रीसाठी कितपत कामाचा?

गरिबांच्या घरांकडे लक्ष वेधण्यासाठी पालात रात्र काढण्याचे उपक्रम अनेक देशांत होतात. ‘हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी’च्या विद्यार्थी शाखा ते करतात, आणि ऑक्टोबरच्या पहिल्या सोमवारी येणारा जागतिक अधिवास दिनही त्यासाठी सोयीचा पडतो. बहुतेक जण बाजारातली पातळ निळी ताडपत्री आणतात. तिच्याऐवजी आपत्तीनंतर कुटुंबांना देतात तसा निवारा संच वापरावा, असे आमचे ठाम मत आहे. तो अगदी परिपूर्ण आहे म्हणून नव्हे. तो कुठे कमी पडतो हे मोजून दाखवता येते, म्हणून.

संचात ४ × ६ मीटरच्या दोन ताडपत्र्या, दोर, खिळे, बांधणीची तार, हातोडा, करवत, फावडे, कुदळ, कोयता आणि पत्रा कापायची कात्री असते. बांबू किंवा वासे मात्र नसतात, ते आपणच मिळवायचे.

ताडपत्री खरोखर चांगली आहे. वजन चौरस मीटरला साधारण २०० ग्रॅम, म्हणजे एक ताडपत्री पाच किलोच्या आत. एकट्याला उचलून नेता येते. आतली वीण काळ्या धाग्यांची असल्यामुळे आत दिवा लावला तरी माणसांच्या सावल्या बाहेर दिसत नाहीत. पालात कपडे बदलणाऱ्या बाईसाठी ही किती मोठी गोष्ट आहे, हे पातळ ताडपत्रीत दिवा लावून बाहेरून पाहिले की लगेच कळते. कडेच्या रिंगांवर मात्र फार भरवसा ठेवू नये. वाऱ्याने ताडपत्री फडफडू लागली की सगळा ताण एकेका रिंगेवर येतो आणि ती फाटून निघते. कड एखाद्या काठीवर दोन-तीन वेढे गुंडाळून मग बांधावी. मधेच दोर लावायचा असेल तर गुळगुळीत गोटा आतून धरून त्याभोवती ताडपत्री आवळून बांधावी, भोक पाडू नये. खिळा मारायचाच असेल तर त्याखाली रबराचा तुकडा किंवा बाटलीचे बूच घालावे.

आता मापे. सहा मीटरची बाजू आढ्यावरून दोन्हीकडे सोडली की प्रत्येक बाजूला तीन मीटर येते. त्यातले ३० सेंमी मातीत पुरावे लागतात, नाहीतर वारा खालून शिरतो आणि सगळे उचलतो. आढे २ मीटर उंच ठेवले तर जमिनीवर रुंदी साधारण ३.६ मीटर मिळते. लांबी ४ मीटर, म्हणजे जागा सुमारे १४.५ चौरस मीटर. स्फिअर या मदतकार्याच्या आंतरराष्ट्रीय किमान मानकांप्रमाणे माणशी किमान ३.५ चौरस मीटर छताखालची जागा हवी. पाच जणांच्या कुटुंबाला १७.५. तिथेच गणित तुटते. शिवाय दीड मीटरहून अधिक उंची मिळते ती मधल्या जेमतेम ९० सेंमी रुंदीच्या पट्ट्यात. बाकी सगळीकडे वाकून किंवा रांगत वावरायचे. हा पट्टा चुन्याने आखून ठेवा. बघायला येणाऱ्यांना भाषणापेक्षा लवकर उमगेल.

दुसऱ्या ताडपत्रीतून जमीन आणि दोन्ही तोंडे काढायची. ३.६ × ४ मीटरचा तुकडा खाली अंथरा. उरलेल्या २.४ × ४ मीटर पट्टीतून मधला मोठा त्रिकोण कापला की एक तोंड बंद होते, आणि कोपऱ्यांतले दोन अर्धे त्रिकोण दुसऱ्या तोंडाला दाराचे पडदे होतात. दुमडायला कडेला साधारण १५ सेंमी उरतात. अंथरलेल्या तुकड्याला मात्र कडेने वर वळवायला काहीच उरत नाही, त्यामुळे पाणी तिथूनच आत येते. उपाय एकच: जमीन मातीने १० सेंमी उंच करून घ्यायची आणि भोवती १५ सेंमी खोल चर खणून तो उताराकडे सोडायचा. पाऊस नसला तरी हे करावे, कारण अर्धा दिवस त्यातच जातो आणि तो जाणे हा अनुभवाचाच भाग आहे.

बांधताना मेढी २.५ मीटरच्या घ्याव्यात, ५० सेंमी जमिनीत. दोनच मेढी लावल्या तर ४ मीटरचे आढे मधे वाकते, तिसरी लावाच. बांबूची टोके फडक्याने गुंडाळा, नाहीतर पहिल्याच ताणात ताडपत्रीला भोक पडते. तोंडावर सपाट छप्पर काढायचा मोह टाळा. पाण्याचा झोळ पडला आणि एका चौरस मीटरवर ५ सेंमी पाणी साचले, तर ते ५० किलो भरते.

सर्वांत मोठी उणीव हवेची. दुपारी एकेरी ताडपत्रीखाली बाहेरपेक्षा जास्त उकडते आणि पहाटे श्वासाची वाफ आतून थेंबाथेंबाने गळते. दोन्ही तोंडांना आढ्याखाली २०-३० सेंमी मोकळे ठेवल्याने थोडा फरक पडतो. अंगाखाली दोन-तीन थर पुठ्ठा घाला, गारवा बराच अडतो. छपरावर मात्र पुठ्ठा दवानेच लगदा होतो. आत चूल, स्टोव्ह, मेणबत्ती काहीही नको. ताडपत्रीचे पॉलिथिन वितळून थेट अंगावर पडते. दोन पालांत किमान २ मीटर अंतर ठेवा आणि जवळ पाणी भरून ठेवा.

एक तक्रार संचाबद्दल नाही, वापरणाऱ्यांबद्दल आहे. नव्या पांढऱ्या ताडपत्रीचे नेटके पाल पाहून लोक ‘बरं आहे की’ म्हणत निघून जातात. संयुक्त राष्ट्रांच्या व्याख्येत झोपडपट्टी ठरते ती टिकाऊ घर, पुरेशी जागा, पिण्याचे पाणी, संडास आणि हुसकावले न जाण्याची हमी, यांतले काही ना काही नसल्यामुळे. संच यातल्या एकाही गोष्टीची पुरती सोय करत नाही. म्हणून संडास मुद्दाम लांब ठेवा, पाणी डोक्यावरून आणायला लावा आणि मध्यरात्री सगळ्यांना उठवून पाल हलवायला सांगा. फाटके कपडे घालून गरिबीचे सोंग आणू नका. अशा घरांत राहणाऱ्यांना बोलवा, बोलण्याचा योग्य मोबदला द्या आणि माइक त्यांच्या हातात द्या.

दुसऱ्या दिवशी ताडपत्री धुऊन पूर्ण वाळवा आणि दर वेळी घडी वेगळ्या रेषेवर घाला. एकाच घडीवर ती आधी चिरते. न कापलेली ताडपत्री गरजू कुटुंबाला देता येते. कापलेले तुकडे पुढच्या वेळच्या दारांसाठी उन्हापासून दूर ठेवा.