नव्या भिंतीला रंग: आत्ताच पूर्ण, की पावसाळ्यानंतर?

घराचा गिलावा उन्हाळ्यात संपतो, वास्तुशांतीची तारीख जवळ आलेली असते आणि ठेकेदार विचारतो, "रंग उरकून टाकू का?" तेव्हा दोन वाटा असतात. पुट्टी (भिंत गुळगुळीत करणारा लेप), प्रायमर (रंग धरून ठेवणारा खालचा थर) आणि रंगाचे दोन्ही हात आत्ताच मारायचे, नाहीतर शेवटचा हात दिवाळीवर ठेवायचा.

आत्ताच रंगवण्यात सोय आहे. घर रिकामं असतं, पुट्टी घासल्याची धूळ सामानावर बसत नाही, रंगारी दोनदा बोलवावा लागत नाही. पण सिमेंटचा गिलावा पाणी मारणं बंद केल्यावरही बरेच दिवस ओल धरून असतो. वर इमल्शन (पाण्यात मिसळून मारायचा रंग) बसलं की ती ओल बाहेर पडताना क्षार घेऊन येते. आधी पांढरा लोणा, मग फुगे, मग पोपडे. म्हणून निदान 28 दिवस भिंत सुकू द्यावी, कोकणातल्या दमट हवेत त्याहून जास्त. खात्रीसाठी फूटभर प्लास्टिक चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून 24 तास ठेवा. आतून थेंब धरले किंवा भिंत काळवंडली, तर रंग नको.

थांबण्याचा मोठा फायदा भेगांचा. वीट आणि कॉलम जिथे भेटतात तिथे पहिल्या वर्षात केसासारख्या भेगा हमखास दिसतात. शेवटचा हात बाकी असेल तर त्या भरून घेता येतात.

आतल्या भिंतींना मी मधली वाट धरेन: सुकलेल्या भिंतीला पुट्टीचे दोन पातळ हात, प्रायमर, रंगाचा एक हात, दुसरा पावसाळ्यानंतर. सिमेंटची पुट्टी लावण्याआधी भिंत ओलसर करा आणि दोन्ही हात मिळून जाडी दीड मिलिमीटरच्या आत ठेवा. घासून झाल्यावर तळहात फिरवून बघा. हाताला पांढरं लागलं तर पुन्हा पुसा, कारण त्या धुळीवर मारलेला प्रायमर धुळीसकटच सुटतो. आत जिप्सम प्लास्टर असेल तर पाणी मारावं लागत नाही, भिंत लवकर तयार होते. मात्र बाथरूममध्ये ते नकोच.

बाहेरचा हिशेब वेगळा. गिलावा जानेवारी-फेब्रुवारीत संपला असेल तर पावसाआधी प्रायमर आणि एक्स्टीरियर इमल्शनचे दोन हात पूर्ण करा. मेमध्ये संपला असेल तर घाई करू नका, व्हाइट सिमेंटचा हात द्या: आधी भिंत भिजवून, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाणी मारून. तो भिंतीचा श्वास कोंडत नाही. चुना स्वस्त पडतो, पण पुढे इमल्शन लावताना तो सगळा खरवडावा लागतो, तेव्हा तो टाळलेलाच बरा. बाहेर खरबरीत गिलाव्यावर पुट्टी लावू नका.

दिवाळीवर काम ठेवणार असाल तर दुसऱ्या हाताचा दर रंगाऱ्याकडून आत्ताच कागदावर घ्या आणि डब्यावरचा शेड नंबर लिहून ठेवा.