शेळीला बी-१ जीवनसत्त्व (थायामिन) कमी पडलं तर: नुसतं थायामिन की बी-कॉम्प्लेक्स?

मागच्या वर्षी आमच्या पाटीने (तरुण शेळीने) रात्री दावं सोडवून मक्याच्या भरड्याचं पोतं फोडलं आणि दोन-तीन दिवसांनी बघतो तर मान मागे टाकून आभाळाकडे बघत उभी, डोळ्यासमोर हात हलवला तरी पापणी हलेना. घरात बी-कॉम्प्लेक्सची बाटली होतीच, म्हटलं टोचू, तर डॉक्टर म्हणाले आधी लेबलवर मिलीत थायामिन किती ते वाच.

आता हिशोब बघा, थायामिन किलोला निदान १० मिग्रॅ लागतं, म्हणजे २५ किलोच्या शेळीला एका वेळी २५० मिग्रॅ. बाटलीत मिलीला १० मिग्रॅच असेल तर २५ मिली टोचा, तेही दिवसातून तीन-चार वेळा! १०० मिग्रॅवालं नुसतं थायामिन असलं की अडीच मिलीत काम.

बी-कॉम्प्लेक्स वाईट नाही हां, आजारातून उठलेल्या, चारा कमी खाणाऱ्या जनावराला मी देतोच. पण मान वळली की तासांचा खेळ असतो. एरवी पोटातले जंतूच बी-१ बनवतात, धान्य जास्त झालं की आंबटपणा वाढून बी-१ तोडणारे जंतू माजतात. (करडांच्या रक्ती हगवणीला अ‍ॅम्प्रोलियम जास्त दिलं तरी हाच घोळ होतो.)

आमची पाट वाचली. भरड्याचं पोतं आता माळ्यावर असतं.